आट्यांचा वारसा

वडिलांच्या १९४७ सालच्या मॉरिस टेन मोटारीचा जीर्णोद्धार आम्ही आरंभिला. तिच्या इंजिनाचे बोल्ट मोठे चमत्कारिक! डोक्यास पाना लागतो इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा, आटे मात्र मेट्रिक. १९२३ साली मॉरिस यांनी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतील कारखाना घेतला. तेथील यंत्रांचा हा वारसा. “भोके मोठी करून बाजारातले बोल्ट बसवा,” असे मिस्त्री म्हणाले. मन धजेना. गंजलेला बोल्ट पुन्हा घडविता येतो. ओतीव लोखंडातला मूळचा आटा एकदा कापला की गेला. म्हणून आठ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे बोल्ट चांगल्या पोलादाचे करविले. देवळाचा झिजला दगड बदलावा, पण गाभाऱ्याची बैठक हलवू नये, हा जीर्णोद्धाराचा धर्म यंत्रासही लागू आहे.