पंजाब मेल आणि आप्पांचा डावा डोळा

गेले अठरा दिवस माझी झोप उडालीय. आप्पांची उडते ती दुखण्याने. माझी उडाली ती त्या दुखण्याचं यंत्र कसं चालतं ते कळल्यामुळे. मी गणिताचा मास्तर, शरीरशास्त्राशी संबंध दहावीपुरता. पण परवा नववीच्या वर्गात त्रिकोणमिती शिकवता शिकवता फळ्यावर माणसाच्या चेहऱ्यातल्या नसा काढून मोकळा झालो. मुलं खूश होती. दारावरून जाणारे मुख्याध्यापक तेवढे खूश दिसले नाहीत.

आप्पा म्हणजे माझे थोरले बंधू. चाळीसगावात भुसार मालाचं दुकान. दीड-दोन वर्षांतून एकदा त्यांचा हंगाम येतो, सहा-सात आठवड्यांचा. त्या दिवसांत रोज रात्री, पंजाब मेलच्या सुमाराला, डावा डोळा पेटतो. आमचं गाव रेल्वेचं, निम्म्या घरांत गाड्यांवरून वेळ कळते. आणि पंजाब मेलची वाट पाहण्याची तर इथे दंतकथाच आहे. केकी मूस हे मोठे छायाचित्रकार इथेच राहिले, १९८९ साली इथेच गेले. मुंबईची प्रेयसी या गाडीने येईन म्हणाली होती, म्हणून ते वर्षानुवर्षं मेल येऊन जाईपर्यंत जागे राहत, असं गाव सांगतं. आमच्या घरी त्याच वेळेला येणारा पाहुणा मात्र कुणालाच नको असलेला. वहिनी घड्याळाकडे न बघता म्हणतात, “उना दखा पाव्हना.”

आप्पांना तेव्हा पाहवत नाही. डावा डोळा लाल, त्याच डोळ्यातून धारा, डावी नाकपुडी बंद, डावी पापणी अर्धी मिटलेली, कपाळावर घाम. उजवी बाजू कोरडी, शांत, जणू शेजारच्या घरातली. आडवं पडणं नाही. ओट्यापासून मोरीपर्यंत येरझारा, मध्येच भिंतीवर कपाळ टेकवून “मन्हा डोया निंघी ऱ्हायना!” आणि सव्वा तासाने बटण बंद केल्यासारखं सगळं थांबतं. मग चहा मागतात.

नऊ वर्षांत या डोकेदुखीला सायनस म्हणून झालं, अर्धशिशी म्हणून झालं, आत्याने दृष्ट काढून झाली. एका दंतवैद्याने वरची डावी दाढ उपटली. चांगली ठणठणीत दाढ होती ती. शेवटी नाशिकच्या एका न्यूरॉलॉजिस्टबाईंनी दोनच प्रश्न विचारले: “दुखताना पडून राहता की फिरता?” आणि “रोज एकाच वेळी येतं का?” मग मेंदूत दुसरं काही नाही ना, ते बघायला एमआरआय. नाव सांगितलं, क्लस्टर हेडेक. हजारात साधारण एकाला होतो. त्या रात्री मी मोबाइल घेऊन बसलो तो पहाटेच उठलो.

पहिला धक्का मिरचीने दिला. वहिनी काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होत्या, घरभर खकाणा. सगळ्यांच्या नाका-डोळ्यांतून पाणी. आणि त्याच क्षणी मी नेमकं तेच वाचत होतो! चेहऱ्याची, डोळ्याची, दातांची जाणीव मेंदूकडे नेणारी नस पाचवी, ट्रायजेमिनल. तिला आग लागली की वर्दी मेंदूच्या देठापर्यंत जाते, आणि तिथून उलट टपाली हुकूम सुटतो तो दुसऱ्याच नसेवाटे, सातव्या. तो नाकामागच्या एका इवल्याशा चेतापेशींच्या गुच्छात पोचतो आणि तिथून अश्रुग्रंथींना, नाकाच्या आतल्या अस्तराला सांगावा जातो: सोडा पाणी! पाचवीने तक्रार न्यायची, सातवीने पाणी सोडायचं. मिरचीच्या खकाण्यात हे दोन्ही बाजूंना होतं. आप्पांच्या डोक्यात मिरची नसताना होतं, आणि फक्त डावीकडे. म्हणजे दुखतो म्हणून डोळा रडतो असं आपल्याला वाटतं, पण दुखणं आणि रडणं या एकाच फेऱ्याच्या दोन बाजू आहेत. दाढेचाही उलगडा झाला. वरच्या दातांची तारही याच पाचव्या नसेची. दाढ दुखत होती हे खरंच होतं, फक्त आग दाढेत नव्हती.

पापणी का पडते? मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी हाडाच्या बोगद्यातून जाते आणि तिच्याभोवती पापणी उचलून धरणाऱ्या आणि बाहुली मोठी करणाऱ्या सिंपथेटिक नसांची जाळी असते. हल्ल्यात रोहिणीची भिंत सुजते आणि बोगद्यात ती जाळी चेंगरते, असं मानतात. तसं असेल तर त्या डोळ्याची बाहुलीही बारीक व्हायला हवी. मी टॉर्च घेऊन गेलो. आप्पांनी अशा शिव्या घातल्या की ज्या मी त्यांच्या तोंडून लहानपणीही ऐकल्या नव्हत्या. पण बाहुली बारीक होती! डावी बारीक, उजवी मोठी. हल्ला ओसरल्यावर मी त्यांना हे आनंदाने सांगितलं, आणि पुन्हा शिव्या खाल्ल्या.

रक्तातही याची खूण सापडते. गोड्सबी आणि एडविन्सन या दोघांनी १९९४ साली हल्ला चालू असलेल्या रुग्णांच्या मानेच्या शिरेतलं रक्त तपासलं. पाचव्या नसेतून सुटणारं सीजीआरपी नावाचं द्रव्य वाढलेलं होतं, आणि सातवीच्या वाटेची खूण असलेलं व्हीआयपीही. म्हणजे दोन्ही तारांत वीज खेळत होती. मिरचीतलं कॅप्सेसिनदेखील नसांतून हेच सीजीआरपी बाहेर काढतं, म्हणून काही संशोधकांनी ते नाकात लावून नस थकवण्याचे प्रयोग केले. वहिनींनी हे ऐकून ठेच्याच्या खलबत्त्याकडे पाहिलं. मी घाईने सांगितलं, घरी करायची गोष्ट नाही ही.

पण तारा कळल्या तरी घड्याळ कुठे आहे? मेलच्याच वेळेला का? जुन्या डॉक्टरांनी दोष रक्तवाहिन्यांना दिला. अमेरिकेतल्या हॉर्टनने १९३९ साली या दुखण्याचं वर्णन केलं तेव्हा भर फुगलेल्या वाहिन्यांवर आणि हिस्टामिनवर होता. रक्तवाहिनीला वेळ कशी कळणार, हा साधा प्रश्न मला पडला. मग १९९८ सालचा अभ्यास हाती आला आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आर्ने माय, गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये नऊ रुग्णांना नायट्रोग्लिसरिन देऊन हल्ला आणला आणि चालू हल्ल्यात मेंदूचं चित्र घेतलं. दुखऱ्या बाजूलाच, मेंदूच्या तळाशी एक ठिपका उजळला होता: हायपोथॅलॅमस. बदामाएवढा भाग. झोप, भूक, तहान, ताप, सगळ्यांचा मुनीम. त्याच्याच पुढच्या कोपऱ्यात, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वर, वीसेक हजार पेशींचं शरीराचं मुख्य घड्याळ असतं. डोळ्यातून येणाऱ्या उजेडावर ते रोज लावलं जातं आणि मेलॅटोनिन कधी सोडायचं ते ठरवतं. उजळलेला ठिपका या घड्याळाच्या मागच्या अंगाला होता, अगदी घड्याळातच नव्हे, हे सांगितलं पाहिजे. पण एकाच वाड्यातल्या दोन खोल्या! २००१ साली मिलानच्या डॉक्टरांनी त्या ठिपक्याचा नकाशा धरून एका हट्टी रुग्णाच्या मेंदूत विजेची तार बसवली आणि हल्ले थांबले. येरझारांचं कोडंही याच वाड्यात सुटतं असं दिसतं. अर्धशिशीवाला अंधारात निपचित पडतो. याला हायपोथॅलॅमस बसू देत नाही.

उजेडावर चालणाऱ्या या घड्याळाचा विचार करत मी पाटणादेवीला पोचलो. खरंच पोचलो, मोटरसायकलवर, अठराएक किलोमीटर. दरवर्षी मुलांना नेतो ती जागा. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला १२०७ साली मठ काढल्याची नोंद आहे. तो लेख जगापुढे आणला भाऊ दाजी लाडांनी, आणि ते पेशाने डॉक्टर. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त दिवस कसा लहान-मोठा होतो याचं गणित मांडलं, घटिकायंत्राचं वर्णन केलं. आता ऐका. ली कुड्रो नावाचे अमेरिकन डॉक्टर, स्वतः याच दुखण्याचे धनी, यांनी दहा वर्षं चारशे रुग्णांचे हंगाम नोंदवले आणि १९८७ साली लिहिलं की हंगाम सुरू होण्याची गर्दी जुलै आणि जानेवारीत होते, म्हणजे सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस उलटल्यावर आठवडा-दीड आठवड्याने. अयनं! नंतरच्या अभ्यासांत महिने मागेपुढे झाले, सगळीकडे हेच चित्र मिळत नाही. तरी मी आप्पांच्या जुन्या डायऱ्या काढल्या. दुकानाच्या हिशेबात “डो. सुरू” अशी नोंद असते. पाच हंगामांपैकी तीन जानेवारीचे. पाचावरून सिद्धान्त मांडू नये, हे मीच मुलांना सांगतो. पण त्या दिवशी हेमाडपंती देवळाच्या पायरीवर बसून मी घटकांत हिशेब केला. घटका चोवीस मिनिटांची, हल्ला पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत. म्हणजे अर्ध्या घटकेहून थोडा जास्त ते साडेसात घटका. आप्पांचा तीन घटकांहून जरासा जास्त.

सर्वांत अजब वाटलं ते दाराचं. हंगामात दारूचा एक घोट हल्ला आणतो, हंगाम संपला की बाटली प्यायली तरी काही नाही. डॅनिश डॉक्टरांनी सीजीआरपीच शिरेतून दिलं: हंगाम चालू असलेल्या बऱ्याच जणांना हल्ला आला, हंगामाबाहेरच्या एकालाही नाही. द्रव्य तेच, नस तीच. कुठे तरी एक दार वर्षाच्या ठरावीक दिवसांत उघडं राहतं. ते दार कोण उघडतं, या प्रश्नावर मी अडलोय आणि तिथे अडण्यात मला भयंकर मजा येतेय.

मजा हा शब्द आप्पांसमोर काढू नये. रुग्णांनाच विचारलेल्या एका पाहणीत या दुखण्याला दहापैकी ९.७ गुण मिळाले, बाळंतवेणांना ७.२. मी हे वाचून दाखवलं तेव्हा वहिनी गप्प झाल्या. दोन बाळंतपणं आणि नऊ वर्षांचे टोमणे, दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. दुसऱ्या दिवसापासून आप्पांच्या चहात आलं पडू लागलं.

औषधं सुरू आहेत. व्हेरापामिल, त्यासाठी अधूनमधून ईसीजी. आणि ऑक्सिजन! निव्वळ ऑक्सिजन, मिनिटाला बारा ते पंधरा लिटर, पिशवीवाल्या मास्कमधून, पंधरा मिनिटं. २००९ सालच्या चाचणीत ऑक्सिजन घेतलेल्या हल्ल्यांपैकी ७८ टक्के पंधरा मिनिटांत शमले, साधी हवा दिलेल्यांपैकी २० टक्के. उंदरांवरच्या प्रयोगात ऑक्सिजनने पाणी सोडणाऱ्या त्या दुसऱ्या वाटेलाच आवर घातला, पाचवीला थेट हात लावला नाही. शेजाऱ्यांनी करोनातलं यंत्र देऊ केलं होतं, पण ते मिनिटाला पाचच लिटर देतं. मग बाईंच्या चिठ्ठीवर मोठा सिलिंडर आणला, देवघरातलं निरंजन दुसऱ्या खोलीत गेलं, आणि आप्पांची विडी कायमची गेली.

काल पहिली रात्र. बाराच्या पुढे डोळा लाल व्हायला लागला तसा मी घड्याळ लावलं. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होते. चौथ्या मिनिटाला त्यांनी मास्क ओढून फेकायला हात नेला, वहिनींनी तो धरला. सातव्या मिनिटाला पाय हलायचे थांबले. अकराव्याला त्यांनी डोळे उघडले, दोन्ही सारखेच.

“गया,” ते म्हणाले.

मी बाहुली बघायला टॉर्च काढला. त्यांनी तो हातातून घेऊन बाजूला ठेवला, मास्क उतरवला, स्टेशनाच्या दिशेला कान दिला आणि जरा वेळाने म्हणाले, “मेल आज लेट शे.”