आठ तासांचे पाहुणे



गेल्या आठवड्यात देवळात एका वहिनींनी विचारलं, "तुमची धाकटी जहाजावर नोकरीला लागली म्हणे?" मी म्हटलं, जहाजावर नाही हो, जहाज जिथं लागतं तिथं. त्यांना काही उमगलं नाही. आमच्या कडेगावात हे समजावणं कठीणच आहे. इथं पाणीसुद्धा टेंभू योजनेनं कृष्णेतून वर चढवून आणावं लागतं, तिथं समुद्र कुठला आणि जहाज कुठलं! म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला की मुंबईला परदेशी क्रूझ जहाजं यायला लागतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत. बॅलार्ड पियरला लागतात. आता तिथं नवं मोठं टर्मिनल झालंय, 2025 च्या सप्टेंबरात त्याचं उद्घाटन झालं. जहाज सकाळी येतं आणि बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी सुटतं. मधल्या सात-आठ तासांत उतारूंना मुंबई बघायची असते. त्याला ते 'शोअर एक्स्कर्शन' म्हणतात. मी आपली किनारफेरी म्हणते.

ही फेरी दोन तऱ्हेची. एक जहाजवाले स्वतः विकतात. मोठी बस, चाळीस माणसं, पुढं छत्री उंच धरलेला गाइड. दुसरी खाजगी. उतारूंनी घरबसल्या महिना-दोन महिने आधी एखाद्या स्थानिक गाइडशी परस्पर ठरवलेली. दोघं-चौघं, एक गाडी, आपल्या चालीनं. आमची धाकटी हे दुसरं काम करते. तिच्याकडं केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याचा गाइडचा परवाना आहे, इंग्रजी आहे, थोडं फ्रेंच आहे. बँकेतली नोकरी सोडून तिनं हे धरलं तेव्हा आमच्याकडं किती दिवस जेवणं मुक्यानं झाली ते मी सांगत बसत नाही.

पैशाचं गणित मात्र सांगते, कारण बी.कॉम.चा माझा खरा उपयोग आता तिच्या वहीपुरताच उरलाय. जहाजवाले माणशी दर लावतात, ही गाडीमागे लावते. एकट्या माणसाला त्यामुळं खाजगी फेरी महाग पडते आणि चौघांना स्वस्त. पण जहाजवाल्यांच्या फेरीला उशीर झाला तर जहाज आपल्या माणसांसाठी थांबतं, नाहीतर त्यांची पुढची सोय तरी करतं. खाजगी फेरीवाल्यांसाठी थांबत नाही. वेळ झाली की शिडी वर. मग त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी स्वखर्चानं विमानानं कोचीला नाहीतर कोलंबोला जाऊन जहाज गाठायचं. म्हणजे फेरी स्वस्त का, तर ती जोखीम उतारूंच्या डोक्यावर असते म्हणून. ही गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

दुसरं, आगाऊ रक्कम. धाकटी सुरुवातीला आलेले पैसे थेट कमाईत धरायची. मी तिला बसवून सांगितलं, अगं, पाहुणे गेटातून परत आत जाईपर्यंत ते पैसे तुझे नाहीत, ते देणं आहे. वहीत वेगळ्या पानावर 'अनामत' म्हणून लिही आणि त्याला हात लावू नकोस. 2024 च्या सुरुवातीला याचा प्रत्यय आला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि कित्येक क्रूझ कंपन्यांनी आपली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली, मुंबई गाळूनच. तिच्या ठरलेल्या फेऱ्या एकामागून एक रद्द झाल्या. तिनं प्रत्येकाची अनामत परत केली, कारण ती जागेवर होती. त्या मोसमात हातात काही उरलं नाही, पण देणंही राहिलं नाही. नातेवाईक तेव्हापासून म्हणतात, पुरे आता, परत नोकरी बघ. आणि 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जीव गेले, तेव्हा तर आमच्या घरातला फोन दिवसभर खाली ठेवता आला नाही. ती त्या दिवशी बोटीवर नव्हती. पण तीच बोट, तोच रस्ता. तिचे वडील तेव्हापासून जहाजाच्या दिवशी जेवत नाहीत, संध्याकाळी तिचा निरोप आला की मग दूध घेतात.

म्हणून गेल्या जानेवारीत मी म्हटलं, एकदा मी तुझ्याबरोबर येते. काय करतेस ते डोळ्यांनी बघते.

दिवस मंगळवारचा होता. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. पाहुणे इंग्लंडचं एक जोडपं. ते शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, त्या नर्स होत्या. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढं, आणि बाईंचे दोन्ही गुडघे आमच्या घराण्यातले असावेत असे. ग्रीन गेटापाशी भेटलो, गाडीनं गेटवेला आलो आणि बोटीत बसलो. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावलं. अपघातानंतर ते सक्तीचं झालंय. माझ्या साडीवर ते नारिंगी जॅकेट कसं दिसत होतं याचा फोटो धाकटीनं काढलाय, तो इथं लावणार नाही.

तासाभराचा प्रवास. अकरा-एक किलोमीटर असेल. वाटेत त्या गुरुजींनी मला विचारलं, हे बेट ज्वालामुखीचं का? मला वाटलं चेष्टा करतात. धाकटीनं सांगितलं, तोंडातून धूर येतो तसा ज्वालामुखीचा डोंगर नाही, पण दगड सगळा लाव्हाचाच. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं, आणि त्याच बेसॉल्टमध्ये घारापुरीची लेणी कोरलीत. मी म्हटलं, म्हणजे आमच्या विहिरीचाच दगड की! आमच्या शेतातली विहीर खणताना मुरूम संपल्यावर जो काळा कातळ लागला, ज्याला सुरुंगावर सुरुंग लावून सासऱ्यांचे पैसे संपले, तोच हा. धाकटीनं भाषांतर करून सांगितल्यावर गुरुजी इतके खूष झाले की पुढं दिवसभर ते मलाच दगड दाखवत होते.

त्यांनी मग सॅन्टोरिनीची गोष्ट काढली. ग्रीसमधलं ज्वालामुखीचं बेट. तिथं जहाज धक्क्याला लागतच नाही. स्फोटानं खचून झालेल्या खोल पाण्याच्या वाटीत उभं राहतं, लहान होड्यांनी माणसं जुन्या बंदरात उतरवतात, आणि गाव उभ्या कड्याच्या वर. वर जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेवर पायऱ्या, नाहीतर गाढव. गर्दी इतकी की आता जहाजातून दिवसाला आठ हजारांवर माणसं उतरू द्यायची नाहीत असं तिथं ठरलंय. गाढवांचे हाल पाहून 2018 मध्ये ग्रीक सरकारनं नियम केला की गाढवावर शंभर किलोपेक्षा किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं घालायचं नाही. बाई तिथं रांगेत दोन तास उभ्या राहून केबल कारनं गेल्या होत्या, गाढवावर बसल्या नाहीत. मला त्या एकदम आपल्या वाटल्या.

घारापुरीच्या धक्क्यावर उतरून छोट्या गाडीनं डोंगराच्या पायथ्याशी गेलो. तिथून सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, माथ्यावर माकडं. आणि पहिल्याच पायरीशी डोलीवाले. दोन दांड्यांना बांधलेली खुर्ची आणि चार माणसं. त्यांनी बाईंचे गुडघे आमच्याआधी ओळखले.

बाई दोन पावलं मागं सरल्या. म्हणाल्या, गाढवावर बसले नाही, आता माणसांवर बसू?

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी सासूबाई आठवल्या. शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. पहाटे अंधारात मधुबनहून निघायचं. सासूबाई डोलीत होत्या आणि मी त्यांच्यामागं चालत. त्या सगळ्या वाटभर णमोकार म्हणत होत्या आणि मध्येच थांबून डोलीवाल्यांना म्हणत, बाबा, दम घ्या. मला तेव्हापासून प्रश्न पडतो की पुण्य कुणाच्या खात्यावर जमा झालं? आपले साधू-साध्वी तर वाहनच वापरत नाहीत, तरी अगदी थकलेल्या साध्वींना डोलीतून नाहीतर चाकांच्या खुर्चीतून नेताना आपण पाहतो, आणि कुणी नाक मुरडत नाही. गिरनारला तर आधी काट्यावर बसवतात आणि वजनाप्रमाणे दर सांगतात. लाज वाटते, पण मला तीच पद्धत प्रामाणिक वाटते. ओझं किती ते दोघांनाही ठाऊक.

डोलीवाल्यांपैकी एक पन्नाशीचा होता. मला म्हणाला, "मावशी, त्यांना सांगा, काल सोमवार होता. काल बोहनी नाही. आज पण जहाजाची माणसं सगळी पायीच चढली."

मी धाकटीला सांगितलं, तिनं बाईंना. बाई गप्प झाल्या. आपण बसलो नाही म्हणजे अहिंसा झाली असं एवढा वेळ त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटत आलं होतं. पण खांदे मोकळे ठेवून त्या माणसाच्या घरी काय शिजणार होतं? ह्या बेटावर वीजच मुळी 2018 च्या फेब्रुवारीत आली, समुद्राखालून केबल टाकून. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास. शेती जेमतेम. लेण्यांपाशी जे मिळेल ते.

धाकटी घड्याळ बघत होती. साडेअकरा झाले होते आणि साडेचारच्या आत पाहुण्यांना जहाजावर असणं भाग होतं. तिनं दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, डोली पूर्ण दरानं ठरवू, ती रिकामी बरोबर चालेल, तुम्हाला झेपेल तिथवर तुम्ही चाला. बाईंना ते पटलं. रिकामी खुर्ची खांद्यावर घेऊन चार माणसं आणि त्यांच्यापुढं काठी टेकत बाई, अशी आमची वरात निघाली. दुकानदार हसत होते. प्रत्येक दहा पायऱ्यांना बसत बसत पाऊण तास लागला, पण त्या चढल्या.

आत मात्र त्यांचे आणि माझेही डोळे भरून आले. सदाशिवाची ती तीन उंच मुखं. माझे देव वेगळे, पण मूर्तीतली ती मिटल्या डोळ्यांची शांती ओळखीची वाटली. सहाव्या शतकाच्या सुमाराला कुणीतरी हा आमच्या विहिरीचा कातळ छिन्नीनं इतका मऊ केला! गुरुजी खांबांवरून हात फिरवत होते, रखवालदारानं त्यांना हटकलं. तिकीट परदेशी माणसाला सहाशे रुपये, आपल्याला चाळीस. गुरुजी म्हणाले, सहाशेत हे फुकट आहे.

उतरताना गुडघे जास्त दुखतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाई दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या आणि काही न बोलता खुर्चीत बसल्या. डोळे मिटून घेतले. खाली आल्यावर त्यांनी त्या चौघांशी हात मिळवले, एकेकाशी, आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. तो पन्नाशीचा माणूस मला म्हणाला, हलक्या आहेत.

मग सगळी कसर समुद्रानं काढली. बोट भरेपर्यंत अर्धा तास गेला. गेटवेशी आलो तर पुढं बोटींची रांग, धक्का दिसतोय पण लागता येत नाही. चार वाजायला आले. धाकटी हसतमुखानं पाहुण्यांना ताजमहाल हॉटेलचा घुमट दाखवत होती आणि पाठीमागं तिचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा. तेव्हा मला कळलं ती कसली नोकरी करते. गाडीवाला दार उघडून तयार होता. ग्रीन गेटाशी पोहोचलो तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. बाईंनी मला मिठी मारली, जॅकेटशिवाय.

गाडीतच आम्ही मायलेकींनी सूर्य मावळायच्या आत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिनं आधी वडिलांना फोन लावला.

त्या रात्री आम्ही दोघींनी तिच्या ठरवणीच्या अर्जात नव्या ओळी घातल्या. पायऱ्या किती, बोटीला किती वेळ, डोली मिळते, ती हवी की नको ते आधीच कळवा. परतीला राखलेला वेळ एक तासानं वाढवला. पायऱ्या नकोच म्हणणाऱ्यांसाठी दुसरी फेरी लिहिली. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' नाव दिलं ते ज्या दगडी हत्तीवरून, तो हत्ती बेटावर नाहीच. 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला, आणि नंतर जोडून उभा केलेला आता भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. तिथं जायला एकही बोट लागत नाही, हे तिच्या वडिलांना फार आवडलं. पण ते बुधवारी बंद असतं. म्हणून वारांचा तक्ता केला. सोमवारच्या जहाजाला हत्ती, बुधवारच्या जहाजाला बेट, बाकी दिवशी पाहुण्यांचे गुडघे विचारून. फेब्रुवारीतलं तिचं पुढचं जहाज सोमवारचं होतं.