बदख्शानचा गुलाबी लाल

ताजिकिस्तानच्या पामीर प्रदेशातील खोरोग शहरातून दक्षिणेस इश्काशिमकडे जाणारा रस्ता पंज नदीच्या काठाने जातो. पलीकडच्या तीरावर अफगाणिस्तान. परंतु बदख्शान हे नाव दोन्ही तीरांचे. याच रस्त्यालगतच्या पर्वतरांगेत कूह-ए-लाल, म्हणजे लालांचा डोंगर, आहे. नाव ऐकून तांबड्या कड्यांची अपेक्षा बाळगणाऱ्याचा मात्र येथे हिरमोड होतो. रंग आहे तो डोंगराच्या पोटात, संगमरवराच्या सोबतीने असलेल्या मॅग्नेशियमयुक्त खडकात. भूकंपाने डोंगर दुभंगला आणि आतले खडे उघडे पडले, अशी जुनी आख्यायिका आहे. मार्को पोलो सांगतो, की येथील राजा स्वतःखेरीज कोणास खाण खणू देत नसे. माल फार झाला तर भाव कोसळेल, ही त्याची भीती. अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचताही त्याला पुरवठ्याचे गणित पक्के कळले होते.

या डोंगराचा लाल म्हणजे आजच्या शास्त्रातील स्पिनेल. माणिक हे निव्वळ ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. स्पिनेलमध्ये त्याच्या जोडीला मॅग्नेशियम असते. दोहोंत रंग भरणारा मात्र एकच, क्रोमियमचा अल्पसा अंश. त्यात लोहाचा शिरकाव वाढला की गुलाबी रंगावर करड्या किंवा तपकिरी छटेची मळी चढते. म्हणून उत्तम गुलाबी स्पिनेलची पहिली परीक्षा रंग किती गडद आहे ही नव्हे, तर किती निर्मळ आहे ही. गुलाबी कण्हेरीच्या ताज्या फुलासारखा रंग, फिका नाही आणि काळवंडलेलाही नाही, असा खडा उन्हात धरला की आतूनच उजळल्यासारखा भासतो. क्रोमियमची ती किमया आहे. पैलू उथळ पाडले असतील तर खड्याच्या मध्यातून खालचे बोट दिसते आणि रंग कडेला पळतो. वजन वाचवण्याच्या लोभाने असे कितीतरी चांगले खडे वाया गेले आहेत.

२००७ साली टांझानियातील महेंगे येथे याहून प्रखर गुलाबी स्पिनेलचे प्रचंड स्फटिक निघाले, आणि तेव्हापासून बाजाराची नजर झगझगीत रंगावर खिळली. बदख्शानचा गुलाबी त्या मानाने सौम्य. पण त्याला त्यामुळे कनिष्ठ ठरवणे हा रुचीचा उथळपणा आहे.

युरोपात स्पिनेल माणिकाहून भिन्न असल्याचे १७८३ मध्ये शास्त्रीय पद्धतीने दाखवले गेले. अल-बिरूनीला मात्र लाल माणिकाहून मऊ असल्याचे अकराव्या शतकातच ठाऊक होते. जैन वाचकांना विशेष अभिमान वाटावा असे नाव ठक्कुर फेरू यांचे. अल्लाउद्दीन खिलजीच्या सेवेतील या जैन श्रावकाने सुलतानाच्या कोशातील रत्ने प्रत्यक्ष पाहून १३१५ मध्ये प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ रचली आणि तीत पद्मरागाहून लालाची नोंद वेगळी ठेवली. पुढे ‘द्रव्यपरीक्षा’ लिहून नाण्यांची पारखही त्यांनी ग्रंथबद्ध केली.

तरीही लाल माणिकाच्या नावाने वावरत राहिला. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील, मोगल बादशहांची नावे कोरलेला ३५२ कॅरटचा ‘तैमूर माणिक’ वस्तुतः स्पिनेल आहे. तेथे अज्ञान होते असे म्हणता येईल. आजच्या दुकानात ती सबब चालत नाही. भट्टीत वितळवून केलेला कृत्रिम स्पिनेल तर शंभर वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे. एका वस्तूच्या नावाने दुसरी विकणे, हा ‘प्रतिरूपक व्यवहार’ अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत गणला आहे. रत्नांच्या व्यापारात पिढ्यान् पिढ्या असलेल्या समाजाला हे निराळे सांगायला नको.

घरातील जुन्या दागिन्यातला ‘माणिक’ तपासायचा असेल तर जाणत्या जवाहिऱ्याकडील द्विवर्णदर्शक पुरतो. माणिक त्यातून बहुधा लाल रंगाच्या दोन वेगळ्या छटा दाखवतो. स्पिनेल कोणत्याही बाजूने एकच छटा दाखवतो. काच आणि तामडाही तसेच, म्हणून पुढे प्रकाशाच्या वक्रीभवनाचे मोजमाप करावे लागते. नैसर्गिक स्पिनेलचा आकडा साधारण १.७१८ येतो, भट्टीतल्याचा १.७२७ च्या आसपास. खडा लालच निघाला तर पावतीवर तसे लिहून घ्यावे, आणि मुलीसुनांनाही तेच नाव सांगावे.