माणशी बाराशे रुपये

भूतानला जायचं म्हटलं की हल्ली पहिला हिशेब बाराशे रुपयांचा. माणशी, रात्रीचे. हॉटेल वेगळं, जेवण वेगळं, गाडी वेगळी. हे बाराशे नुसते तिथे असण्याचे. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही चौघं (मी, नवरा, सासूबाई आणि सासरे) पाच रात्रींसाठी गेलो, तेव्हा २४ हजार रुपये असे भरले. "एवढ्यात बँकॉकची तिकिटं आली असती," हे वाक्य त्या महिन्यात मी निदान सहा जणांकडून ऐकलं. त्यात खोटं काही नाही. थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसाच माफ करून टाकला. एक देश म्हणतो या, या; आणि आपला सख्खा शेजारी म्हणतो, या, पण आधी पावती फाडा.

सासऱ्यांना हे फारच लागलं. त्यांची पिढी भूतानकडे जरा धाकट्या भावासारखी बघणारी. "रस्ते आपण बांधून दिले, आणि त्याच रस्त्यावरून जायचे पैसे आपल्याकडूनच?" रस्त्यांचं त्यांचं म्हणणं खरं आहे. १९५८ साली नेहरू भूतानला गेले तेव्हा तिथे गाडीरस्ताच नव्हता. सिक्कीममधून नाथू ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून घोड्यावरून जावं लागलं होतं. मग १९६१ साली आपल्या सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला आणि फुंतशोलिंगहून थिंफूपर्यंत रस्ता झाला. आजही घाटात दंतकच्या पाट्या दिसतात.

पण पावतीमागचा दुसरा हिशेबही मांडून बघा. भूतानची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. २०१९ साली तिथे सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक गेले आणि त्यातले दोन लाखांहून जास्त भारतीय होते. १९७४ साली, चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने, या देशाने परक्या पर्यटकांना पहिल्यांदा दार उघडलं, तेव्हापासून धोरण एकच: माणसं थोडी, पैसा बरा. डॉलरवाल्या पाहुण्यांना रोजचा ठरलेला दर होता. आपण, बांगलादेशी आणि मालदीववाले मात्र फुकट. त्या फुकटातूनच गर्दी वाढली. २०२० मध्ये त्यांच्या संसदेने कायदा करून आपल्यालाही शुल्क लावलं. करोनामुळे सीमा बंदच होती, त्यामुळे ते प्रत्यक्ष जाणवलं २३ सप्टेंबर २०२२ पासून, दार पुन्हा उघडल्यावर. इतर देशांच्या लोकांना त्याच दिवसापासून रात्रीचे २०० डॉलर, मग वर्षभरात ते १०० वर आणले. म्हणजे आपण अजूनही त्यांच्या साधारण सातव्या हिश्श्यात जातो. हे मी सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सवलत दिली म्हणून उपकार का?" असो.

मला स्वतःला या सगळ्यात जास्त गंमत वाटते ती रुपयाची. भूतानचं चलन न्गुल्ट्रम, आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं. आपली नोट तिथे सर्रास चालते. आता तर थिंफूच्या भाजीवालीकडेही आपलं यूपीआय चालतं (भूतानने ते २०२१ मध्ये सुरू केलं). पण न्गुल्ट्रम ते छापू शकतात, रुपया नाही. आणि तांदूळ, तेल, पेट्रोल, गाड्या असा निम्म्याहून कितीतरी जास्त माल भारतातूनच घ्यायचा, तोही रुपयांत. २०१२ साली रुपयांची अशी टंचाई झाली की बँकांनी हात आखडले, गाड्यांची आयातही रोखावी लागली. डॉलर देणारा अमेरिकन पाहुणा कितीही मोठा असला, तरी सिलीगुडीच्या व्यापाऱ्याला द्यायला रुपयेच लागतात. ते येतात विजेतून आणि आपल्यासारख्यांच्या खिशातून. आम्ही पारोच्या हॉटेलात जे वरण जेवलो, त्यातली डाळ बहुधा आमच्याच मागोमाग फुंतशोलिंगच्या वेशीतून वर आली असेल, आणि आम्ही दिलेले रुपये त्याच वेशीतून खाली गेले असतील.

ती वेस मात्र आता पूर्वीची राहिली नाही. २०१७ साली आम्ही दोघंच गेलो होतो तेव्हा हासीमाऱ्याला रेल्वेने उतरलो, जयगावला आलो आणि रंगीत कमानीखालून सहज पलीकडे गेलो. अलीकडे जयगाव, पश्चिम बंगाल; पलीकडे फुंतशोलिंग, भूतान; मध्ये फक्त घड्याळ अर्धा तास पुढे. संध्याकाळी फुंतशोलिंगच्या हॉटेलातून चालत जयगावला जाऊन आम्ही माशाचं जेवण जेवून परत आलो होतो. भूतानी बायका जयगावात चपला, चादरी, स्टीलची भांडी घासाघीस करून घेत होत्या, अस्खलित हिंदीत. २०२४ मध्ये पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी इमारत, रांग, कागद. (मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या. आधार कार्ड चालत नाही. रांगेत आमच्या पुढचं एक कुटुंब तेवढ्यासाठी अडलं होतं.)

जयगाव अडीच वर्षं त्या बंद दारासमोर बसून होतं. ते गावच मुळात दारावर उभं राहिलेलं. आमचा ड्रायव्हर तिथलाच, नेपाळी बोलणारा. त्याने सांगितलं की त्या काळात त्याने गाडी विकली, केरळात जाऊन बांधकामावर काम केलं, आणि दार उघडल्यावर कर्ज काढून पुन्हा गाडी घेतली. पण पूर्वी आठवड्याला दोन फेऱ्या व्हायच्या, आता महिन्याला तीन. बाराशे रुपयांचा फटका थिंफूतल्या मोठ्या हॉटेलांना बसलाच असेल तर थोडा. खरा बसला तो याला, आणि भारतीय कुटुंबांच्या भरवशावर बांधलेल्या पलीकडच्या लहान हॉटेलांना. दोन देशांचं सहकार्य म्हणतात ते कागदावर राजधान्यांत होतं, पण त्याचं नफा-नुकसान सीमेवरच्या गावात मोजलं जातं.

तरीही मी भूतानला दोष देऊ शकत नाही. २०१५ च्या जूनमध्ये भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान यांनी थिंफूतच एक करार केला: एकमेकांच्या गाड्या एकमेकांच्या रस्त्यांवर धावतील. पुढच्या वर्षी भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला आणि मग भूतान बाकीच्या तिघांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. त्या घाटरस्त्यावर एकदा बसून बघा, म्हणजे कळतं. एका वळणावर दोन ट्रक समोरासमोर आले की तिसऱ्याला श्वास घ्यायला जागा नसते.

आणि आपली वागणूक! दोचुला खिंडीत, सुमारे तीन हजार मीटरवर, १०८ स्तूप आहेत. २००३ च्या डिसेंबरात भूतानच्या सैन्याने आपल्या ईशान्येकडच्या बंडखोरांचे तिथले तळ उठवले. त्या लढाईत पडलेल्या भूतानी सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले. म्हणजे आपल्या कामाला आलेल्या जिवांची ती आठवण. २०१९ च्या ऑक्टोबरात एक भारतीय मोटरसायकलस्वार फोटोसाठी अशाच एका स्तूपावर चढून उभा राहिला होता. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं, आणि कुठल्याशा ग्रुपच्या अंताक्षरीचा आवाज त्या धुक्यातून येत होता. सासरे स्तूपांची माहिती वाचून बराच वेळ गप्प उभे होते. परतताना गाडीत बाराशे रुपयांचा विषय त्यांनी काढला नाही.

गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, भूतानला जोडणाऱ्या पहिल्या दोन रेल्वेमार्गांची घोषणा झाली. एक कोक्राझारहून गेलेफूला, ६९ किलोमीटर; दुसरा बनारहाटहून सामत्सेला, २० किलोमीटर. गेलेफूला तर राजे नवं शहरच वसवतायत. बातमी वाचली आणि मी नकाशा काढून बसले. एक मार्ग जयगावच्या बराच पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. जयगावला कुठलाच शिवत नाही. मी ड्रायव्हरला फोन लावला. त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. म्हणाला, "दीदी, कोक्राझारला माझा साडू राहतो. स्टेशनजवळ गाडी लावायला जागा मिळते का, ते विचारायला सांगितलंय त्याला."