बीमवरचा लेप

१४ मे, काशिमीरा
घोडबंदर रस्त्यालगतच्या कामावर लोखंडी सांगाडा उभा राहिला. खाली गोदाम, वर ऑफिस. आपल्याकडे इमारत म्हटली की आरसीसी, त्यामुळे शेठचा पहिलाच प्रश्न, "लोखंड जळतं का, साहेब? मग आगरोधक लेपाचा खर्च कशाला?" जळत नाही, पण मऊ पडतं. चहाच्या बिलामागे पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० मानकाचं सूत्र मांडून दाखवलं: ९०५ मधून तापमान वजा करा, ६९० ने भागा. ५६० अंशांना उत्तर बरोबर निम्मं. म्हणजे निम्मी ताकद गेली. अग्निचाचणीच्या भट्टीतली हवा पाचव्याच मिनिटाला ५७६ अंशांवर जाते. पोलाद तिच्या मागे राहून तापतं. लेपाचे पैसे द्यायचे ते हे 'मागे राहणं' तासा-दोन तासांवर नेण्यासाठी. शेठ बिल घडी करून खिशात घालून गेले. पटलं की नाही, कळलं नाही.

१८ मे
खाडीची खारी हवा. महिनाभर उघड्या पडलेल्या बीमवर तांबूस पूड. सैल गंज, तेल, धूळ गेल्याशिवाय लेपाचा माल धरत नाही. दिवस घासण्यातच गेला.

२१ मे
पंप सुरू. वर्मिक्युलाइट, जिप्सम, पाणी. बीमवर बसलेला माल भिंतीवर फेकलेल्या उपम्यासारखा दिसतो, पोरं हसली. पण करामत त्या जिप्सममध्ये आहे. वजनाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी त्यात बांधलेलं असतं. ते वाफ होऊन निघेपर्यंत लेपाचा पारा शंभराच्या आसपास रेंगाळतो.

नोझलवाल्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: बारीक बीमला जाड लेप, दणकट कॉलमला पातळ. त्याला ते उलटं वाटतं. पण आग लागते पृष्ठभागाला, आणि बारीक बीमच्या पोटात ती उष्णता रिचवायला लोखंडच कमी.

२७ मे
सुई टोचून जाडी मोजली. मधल्या भागात ठीक, फ्लँजच्या कडांना कमी. कडा नेहमीच उपाशी राहतात. पुन्हा मारायला लावलं.

पत्रे पावसाआधी बसायला हवेत. हा माल ओला होऊन चालणार नाही.

२ जून
डक्टवाल्यांनी क्लॅम्पसाठी सहा ठिकाणी लेप खरवडला. "थोडासाच काढलाय, साहेब." न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरचा २००५ चा सरकारी चौकशी अहवाल हेच सांगतो: धडकेने लेप उडाला, आणि उघड्या पडलेल्या पोलादाला आग सोसवली नाही. तिथे विमानं लागली होती. इथे छिन्नी पुरली.

३ जून
शेठना म्हटलं, अग्निसुरक्षेचा दाखला २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत द्यावा लागेल. पण फॉल्स सीलिंग बसलं की वरचा लेप कोण बघणार? म्हणून आधी डागडुजी, मग प्रत्येक बीमचा फोटो, त्यानंतरच सीलिंग. कुरकुरत हो म्हणाले. डक्टवाल्यांना उद्या आठला बोलावलंय: उरलेले सगळे क्लॅम्प आधी लावा, पंप त्यानंतर चालू होईल.