धारच्या डिलाइटला किंमत मिळाली!

जुन्या गाडीची किंमत आपण आणि विमा कंपनी मिळून ठरवू शकतो! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. देवासला एबी रोडवरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, इंदूरच्या बसमध्ये शेजारच्याला सांगितलं, आता तुम्हाला सांगतो.

गाडी काकांची, धारच्या घरी पडवीत उभी. १९६७ ची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, स्टिअरिंगला लागून हँडगियर असलेली. घरात सगळे धरून चालले होते की एवढ्या जुन्या गाडीला थर्ड पार्टी विमा तेवढा काढायचा, कारण तो कायद्यानं काढावाच लागतो. चोरी झाली, आग लागली, तर आपलं नशीब. असं वाटणं साहजिकच आहे. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, घसाऱ्यानं उतरत जाते. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, आणि पाचव्या वर्षी थेट ५० टक्के. मग पन्नाशी उलटलेल्या गाडीचं काय उरणार?

पण घसाऱ्याचा तो तक्ता पाच वर्षांवर संपतो! त्यापुढची किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीनं ठरते. एजंटनं हे सहज बोलता बोलता सांगितलं आणि मी खुर्चीतून उठलोच.

किंमत ठरवायला आमच्या डिलाइटची पाहणी झाली ती सकाळ मी विसरणार नाही. सर्व्हेअरनं बॉनेट उघडलं, घासलेटच्या बोळ्यानं चेसिस नंबरवरचं ग्रीस पुसलं, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. करड्या पट्ट्यात एकेक आकडा उमटत गेला. आरसीशी ताडून पाहिला, तंतोतंत जुळला. मग दिवे, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्ड.

‘हे सगळं मूळचंच?’

‘मूळचंच हो,’ काका म्हणाले. ‘मागचा एक दिवा तेवढा मुंबईच्या चोर बाजारातून आणलाय.’

त्या माणसानं दिव्याचीही नोंद केली. काकांनी जपून ठेवलेली सुट्या भागांची बिलं, फोटो, सगळं किमतीच्या बाजूनं बोललं. मला याचंच अप्रूप वाटतं. काकांच्या इतक्या वर्षांच्या सांभाळण्याला पॉलिसीच्या कागदावर आकडा मिळाला!

संस्थानी काळातल्या गाड्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. २००२ च्या मोटार टॅरिफनं ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं प्रमाणित केलेल्या गाड्यांना ‘ठरलेल्या किमतीची’ पॉलिसी दिली. टोटल लॉस झाला तर घसारा न कापता पूर्ण रक्कम! ही सोय फक्त व्हिंटेज गाड्यांना होती. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग आठवा, इंग्लंडच्या गर्नी नटिंगनं बॉडी बांधलेली. तसल्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता लावणार तरी कसा?

किरकोळ नुकसानीचं मात्र आधीच समजून घ्या. साध्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो.

आणि केंद्र सरकारची २०२१ ची अधिसूचना! पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी नोंद झाली की २०२२ च्या दरांप्रमाणे थर्ड पार्टीचा हप्ता निम्मा. १००० ते १५०० सीसीच्या गटात ३,४१६ चे १,७०८ होतात. बदल्यात गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. मला हे रास्त वाटतं.

देवासचा माझा मामेभाऊ लगेच म्हणाला, ‘दादा, मग माझ्या जीपचं बघ की!’ त्याच्या जीपचं इंजिन दुसऱ्या गाडीचं, टायर रुंद. तिची वाट निराळी. मूळ रूप राहिलेलं नाही, त्यामुळे व्हिंटेज नोंदणी नाही. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते, आरसीवर नोंद लागते आणि कंपनीला कळवावंही लागतं. लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. त्याला मी आधी आरटीओत धाडलंय.

धार जिल्ह्यातल्याच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. तिथे नव्या गाड्या सुसाट धावतात. त्याच पीथमपूरला एकेकाळी कायनेटिक होंडा बनायच्या, कॉन्टेसाची इसुझू इंजिनं बनायची. त्यातल्या जुन्यात जुन्या कायनेटिक २०३५ च्या आसपास पन्नाशी गाठतील, आणि नियमात दुचाकी आहेतच! कुणाच्या अंगणात असेल तर भंगारात देऊ नका हो.

व्हीए नोंदणीला काका आधी तयार नव्हते. त्यांच्या लग्नाच्या फोटोत गाडीवर जो नंबर दिसतो, तो त्यांना सोडायचा नव्हता. पण आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो! हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच नमुना २० चा अर्ज भरायला घेतला. सोबत विम्याची पॉलिसी जोडावी लागते, आणि ती आता आमच्याकडे आहे.