वाघीण रंगवण्याआधी

मल्लेश्वरम, बंगळूर
कोजागरीनंतरचा रविवार

चि. बाळूस,


तुझं पत्र आणि वाघिणीचे फोटो पोचले. साखर कारखान्याच्या बंद सायडिंगवर गवतात उभी असलेली मीटरगेज मालगाडीची वाघीण तुम्ही पोरांनी भंगारवाल्याच्या हाती जाऊ दिली नाहीत, याचा मला झालेला आनंद पत्रात मावणारा नाही. माझं उभं आयुष्य हुबळीच्या वर्कशॉपमध्ये वाघिणींच्या खाली आणि भोवती गेलं. इंजिनाला चाहते मिळतात, सलूनलाही मिळतात. म्हैसूरचं रेल्वे म्युझियम १९७९ सालचं. तिथे महाराणीच्या १८९९ च्या सलूनपुढे माणसं अजून रेंगाळतात. वाघिणीवर जीव टाकणारं माणूस क्वचित भेटतं. आणि या देशाचं मीठ, धान्य, कोळसा, कापूस, गूळ वाहिला तो तिनेच.

तू विचारलंस, रंग कुठला घेऊ, किती लागेल, आणि दिवाळीपर्यंत काम उरकेल का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही उरकणार, आणि उरकूही नकोस. परतीचा पाऊस अजून संपलेला नाही, इथे तर संध्याकाळ झाली की कोसळतोच. पण पाऊस हे अर्धंच कारण. रंग हे या कामातलं सगळ्यात शेवटचं काम आहे. पहिलं काम वाचण्याचं.

दरवाज्याच्या डाव्या अंगाचा तुझा फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. वरचा रंग पापुद्रे धरून सुटलाय तिथे खालून पांढरी कड डोकावते. ती अक्षराची कड आहे. वरचं अक्षर आहे त्यापेक्षा ती वेगळ्या जागी आहे, म्हणजे तुझ्या वाघिणीचा मालक निदान एकदा तरी बदललेला आहे. आपल्या भागात असे मालक किती बदलले ते मनात धर. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. धारवाडला तिची कचेरी होती, आणि म्हैसूर संस्थानच्या रेल्वेचा कारभारही बरीच वर्षं तिच्याच हाती होता. १९०८ मध्ये तिचं मद्रास रेल्वेशी लग्न लागलं आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, म्हणजे वाघिणींवरची एम. एस. एम. ही अक्षरं. १४ एप्रिल १९५१ ला तिची दक्षिण रेल्वे झाली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हुबळी विभाग तिकडे गेला. २००३ पासून हुबळी हेच दक्षिण पश्चिम रेल्वेचं मुख्यालय आहे. दर बदलाला वर्कशॉपमधला पेंटर जुन्या अक्षरांवर रंगाचा हात मारायचा आणि पत्र्याचं स्टेन्सिल धरून नवी अक्षरं उठवायचा. खरवडून काढायला वेळ कुणाला होता? म्हणून जुनं सगळं अजून तिथेच आहे, थरावर थर.

आणि तू लिहितोस की एका मित्राच्या ओळखीने सँडब्लास्टिंगवाला फुकट येतोय. त्याला हात जोडून परत पाठव. त्याची वाळू दुपारभरात शंभर वर्षं उडवून लावेल.

इथे आमच्या घराजवळ काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, ज्यांना इकडे एकोजी म्हणतात, त्यांनी या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तिथे आहे. मल्लेश्वरमची पेठ वसली त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट. ती आपल्याला ठाऊक आहे, कारण दगडावरच्या त्या ओळी कुणीतरी वाचण्याजोग्या राहू दिल्या. आता बंगळूरची मिथिक सोसायटी शहराभोवतीच्या अशा शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅन करून ठेवते आहे, पुढे दगड झिजला किंवा फुटला तरी अक्षरं हाती राहावीत म्हणून. या कामाबद्दल मला फार आदर वाटतो. तुमच्या वाघिणीलाही तीच वागणूक मिळावी असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी यंत्र लागत नाही. अंधार पडल्यावर जा. टॉर्च पत्र्याच्या समोर धरू नकोस, पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवी धर, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल. स्टेन्सिलचा रंग जाड बसलेला असतो. वरून कितीही हात मारले तरी त्याची कड उचललेली राहते आणि आडव्या उजेडात तिची सावली पडते. शिलालेख वाचणारे हेच करतात. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, खालून, वरून फिरव आणि दर वेळी फोटो घे, शेजारी फूटपट्टी ठेवून. अक्षरं लागली की बटर पेपर लावून पेन्सिलीने त्यांचे छाप घे. हेच छाप पुढे नवीन स्टेन्सिल कापायला उपयोगी पडतील. संगणकातून काढलेलं गुळगुळीत अक्षर त्या पत्र्यावर परकं दिसतं.

काय शोधायचं तेही सांगतो. रेल्वेची अक्षरं आणि वाघिणीचा नंबर. टेअर, म्हणजे रिकाम्या वाघिणीचं वजन. किती टन माल घालायचा तो आकडा. आणि एका कोपऱ्यात पीओएच, म्हणजे मोठी दुरुस्ती कुठल्या शॉपमध्ये कधी झाली आणि परत कधी यायचं. याशिवाय सोलबारवर, म्हणजे बाजूच्या लांब तुळईवर, ओतीव लोखंडाची पाटी असली तर ती जपून साफ कर. बांधणाऱ्याचं नाव आणि साल तिच्यावर सापडतं. वाघीण विलायतेची असेल किंवा कलकत्त्याच्या जेसप, बर्न, ब्रेथवेट यांच्यापैकी कुणाची. ॲक्सलच्या टोकालाही ठोकलेले आकडे असतात. आता चाकं आणि ॲक्सल आमच्या इथल्या यलहंकाच्या कारखान्यात होतात, पण तो १९८४ चा. तुझ्या वाघिणीची चाकं त्याच्या आधीची असणार.

मिरजेत राहतोस म्हणून आणखी एक. तुझ्या गावात एके काळी तिन्ही गेज शेजारी शेजारी नांदत होते. बार्शी लाईटचा साडेसातशे मिलिमीटरहून जरासा रुंद नॅरोगेज १९२७ मध्ये मिरजेला पोचला, बंगळूरकडे जाणारा एक मीटरचा, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याकडून आलेला १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. गेज बदलला की माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून. तुझ्या वाघिणीच्या आत दरवाज्याच्या दोन्ही कडांना हमालांच्या हुकांचे ओरखडे असतील, कुठे खिळ्याने ओढलेल्या मोजणीच्या रेघा असतील. आतून रंग लावू नकोस. सैल गंज झाडून टाक, पातळ तेलाचा हात दे आणि तसंच राहू दे. त्या माणसांची दुसरी सही कुठे उरलेली नाही.

आत माहितीचा फलक लावणार आहात असं लिहिलंस. त्यावर नुसता गौरव नको. मालडब्यांत माणसंही कोंबली गेली आहेत. १९१५ च्या हरिद्वार कुंभाला जाताना सहारनपूरपासून पुढे यात्रेकरूंना माल आणि गुरं वाहणाऱ्या बिनछपराच्या डब्यांत भरलं होतं. खालून तापलेलं लोखंड, वरून ऊन. गांधीजी स्वतः त्या गाडीत होते आणि आत्मकथेत त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. १९२१ च्या नोव्हेंबरात तर मलबारातल्या तिरूरहून मोपला बंडातले सुमारे शंभर कैदी एका बंद डब्यात घालून पाठवले. पोदनूरला दार उघडलं तेव्हा आत प्रेतं होती. साठांहून अधिक माणसं गुदमरून मेली. तो डबा एम. एस. एम. चा होता आणि त्याचा नंबर, १७११, इतिहासात नोंदला गेला आहे. ज्या अक्षरांचा आपल्याला मराठी म्हणून जिव्हाळा वाटतो, तीच अक्षरं त्या डब्यावर होती. शाळेची मुलं तुमच्या वाघिणीत चढतील तेव्हा कुणीतरी त्यांना हे सांगावं. आणि हवेच्या झडपा गंजून बंद झाल्या असतील तर त्या उघडून मोकळ्या कर, दरवाजाही आतून उघडेल अशी सोय कर. खेळता खेळता पोरं आत अडकतात.

आता लोखंडाकडे. वाघीण रंगाअभावी मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते. आधी छत बघ, मग जमिनीचा पत्रा, मग जिथे दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेत ते सांधे. सांध्यात पाणी शिरलं की आतला गंज फुगतो; मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा घेतो आणि पत्र्याला रिव्हेटपासून उचलून काढतो. असे फुगलेले सांधे बाहेरून रंगवलेस तर दोन पावसाळ्यांत रंग फोडांसकट गळून पडेल. सांधा उघडायचा, साफ करायचा, आतून प्रायमर द्यायचा आणि मग बंद करायचा. तुटलेल्या रिव्हेटच्या जागी गोल डोक्याचा बोल्ट चालेल. वेल्डिंग शक्यतो नको. वेल्डिंगचा डाग कधीही लपत नाही आणि बाजूचा जुना पत्रा जाळतो. जमिनीचा पत्रा मात्र कुजलेला असेल तर बिनदिक्कत बदल. त्यावर माणसं उभी राहणार आहेत, तिथे भावना आड येता कामा नये.

खरवडताना नारिंगी थर लागला तर थांब. जुन्या लोखंडकामाला पहिला हात शेंदराचा असे. मारुतीला तेलात कालवून लावतात तोच, शिशाचा. तो कोरडा घासायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, दिवटीने जाळायचा तर मुळीच नाही. ओला करून खरवडायचा, तोंडावर चांगल्या फिल्टरचा मास्क, खाली ताडपत्री, आणि निघालेला चुरा गोळा करून बंद डब्यात. हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, हे तुझ्या मित्रांना दटावून सांग. शिसं अंगात साठत जातं आणि लहान मुलांना त्याचा जास्त त्रास होतो, म्हणून खरवडकाम चालू असेपर्यंत बघ्या पोरांना लांब ठेव.

उघडं लोखंड रात्रभर तसं ठेवू नकोस. सकाळी दव वाळलं की जेवढं साफ करशील तेवढ्याला ऊन उतरण्याआधी प्रायमर लाव. दुकानदार झिंक क्रोमेटचा देईल. तोही विषारीच, झिंक फॉस्फेटचा माग. पातळ दोन हात, मधे पुरेसा वाळायला वेळ. किती लागेल ते पत्र्याचं माप घेऊन डब्यावरच्या आकड्यांवरून काढ, सांध्यांसाठी थोडा जास्त धर.

मग रंग. तुम्ही सुचवलेली निळी-पिवळी पट्टी आणि बाजूवर वारली चित्रं मला मान्य नाहीत. वारलीला भिंती आहेत, त्या तिथे शोभतात. वाघीण जन्मभर तांबड्या-तपकिरी रेड ऑक्साइडमध्ये राबली आणि तिला त्याच कपड्यांत उभी करा. चकाकणारा इनॅमल टाळा. तिला कधीच चकाकी नव्हती. नेमकी छटा पुस्तकात शोधण्यापेक्षा पत्र्यावरच शोध. दरवाज्याच्या पट्टीमागे, जिथे ऊन लागलेलं नाही, तिथे बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून एक रुपयाएवढी जागा हळूहळू घास. एकामागून एक थर गोल कड्यांसारखे उघडे पडतील. ज्या थरावर तुला पाहिजे ती अक्षरं बसली आहेत, त्या थराचा रंग दुकानात नेऊन जुळवून घे. ती घासलेली जागा पुन्हा रंगवू नकोस, स्वच्छ वार्निश देऊन उघडी ठेव.

कुठल्या काळातली वाघीण उभी करायची हे तुम्ही बसून ठरवा. माझं मत विचारशील तर तिच्या कामाच्या शेवटच्या वर्षांतली. एम. एस. एम. ची अक्षरं सापडली तरी सगळी वाघीण मागे नेऊ नका; नंतरच्या ठिगळांना आणि बदललेल्या कड्यांना तो काळ जुळणार नाही आणि मग तुम्ही तीही काढायला निघाल. दक्षिण मध्यच्या काळात कुणीतरी घातलेलं ठिगळ हे त्या माणसाचं काम आहे. जुनी अक्षरं एका चौकोनापुरती उघडी ठेवा, बाकीचं नव्या थराखाली सुरक्षित राहील.

अक्षरं हाताने लिहून घे. मिरजेत पाट्या रंगवणारे जुने पेंटर अजून असतील; त्यांच्याकडे जा, रेडियमचे स्टिकर लावू नकोस. पीओएचची शेवटची खरी तारीख जशी आहे तशीच लिहायची. तुमच्या कामाची तारीख त्या जागी कदापि नको. रेल्वेच्या माणसासाठी ती जागा साक्षीची आहे. तुमची नावं आणि साल आत, दाराच्या वर, लहान अक्षरांत लिहा.

टॉर्चच्या उजेडातले फोटो मिळाले की नंबर कुठल्या मालिकेतला आहे ते मी वर्कशॉपमधल्या जुन्या सोबत्यांना विचारतो. त्यांतल्या दोघांची स्मरणशक्ती अजून माझ्यापेक्षा चांगली आहे. थंडीत मी मिरजेला येणारच आहे, तोवर खरवडकाम पुरं झालं तरी पुष्कळ.

तुझा,
मामा

ता. क. : कशालाही हात लावण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोक. हँड ब्रेकवर विसंबू नकोस, इतक्या वर्षांत त्याचा दांडा गंजून नुसता दिसायला उरलेला असतो. चाकं रुळावर आहेत ना, मातीत रुतलेली नाहीत ना, तेही बघ. रुतली असतील तर जॅक लावायचं काम मी आल्यावर करू, तुम्ही एकट्यांनी नाही.